टाकलेली मूर्ती आणि तिचे उत्तरायुष्य : भोकरदनच्या मृण्मूर्तींच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

दख्खनच्या प्राचीन कलेचा इतिहास लिहिताना लेण्यांना अग्रमान मिळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कार्ले, नाशिक, पितळखोरे व अजिंठा येथील शिल्प डोंगराच्या अंगात कोरलेले असून ते जेथे घडले तेथेच आजही उभे आहे. कित्येक ठिकाणी दात्यांची नावे व गावे शेजारच्या लेखांत सापडतात. मातीच्या मूर्तींची स्थिती याहून वेगळी आहे. घराघरांत त्या वापरल्या गेल्या आणि फुटल्यावर किंवा नकोशा झाल्यावर घराबाहेर टाकल्या गेल्या. उकिरडे, खड्डे, पडलेल्या भिंतींचा ढिगारा आणि रस्त्यावरची भर यांतून त्या संशोधकाच्या हाती आल्या. त्यांच्यावर कर्त्याचे नाव नाही, दात्याचे नाव नाही आणि बहुतेकींना पूर्ण अंगही उरलेले नाही. सातवाहनकालीन नगरांतील सामान्य कुटुंबांच्या रसिकतेचा, श्रद्धेचा व खेळण्याबागडण्याचा जो पुरावा उपलब्ध आहे, तो अशा रीतीने मुख्यतः टाकून दिलेल्या वस्तूंचा पुरावा आहे.

जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळालेल्या मृण्मूर्ती या पुराव्याचा एक महत्त्वाचा भाग होत. एकदा भाजलेली मूर्ती पुन्हा माती होत नाही, या साध्या भौतिक सत्यातून तिला एक उत्तरायुष्य प्राप्त होते. जुनी मूर्ती नव्या मूर्तीच्या साच्याची माता होऊ शकते. भूमीत पडून ती इतिहासाचे साधन होते. आणि एखाद्या कलावंताच्या हाती आल्यास ती नव्या शिल्पाचे द्रव्य बनते. या तीनही अवस्थांचा एकत्र विचार केल्यास भोकरदन व तत्सम स्थळांवरील मृण्मूर्ती कशा वाचाव्यात, यासंबंधी काही निश्चित मार्गदर्शन मिळते. ते मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. भोगवर्धन नगर आणि तेथील उत्खनन

भोकरदन हे केळणा नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव आहे. केळणा पूर्णेस मिळते आणि पूर्णा गोदावरीस. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हे गाव औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत या नगराच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. मध्य भारतातील दूरच्या स्तूपांच्या कठड्यांसाठी दान देण्याइतकी संपन्नता व संपर्क या नगरातील लोकांजवळ होता, असा निष्कर्ष त्यावरून काढता येतो. उज्जयिनीकडून अजिंठ्याचा घाट चढून प्रतिष्ठानाकडे आणि तेथून तगर, म्हणजे आजचे तेर, याकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या परिसरात भोगवर्धनचे स्थान असल्याने या संपन्नतेचे कारण समजणे कठीण नाही.

नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी १९७३ मध्ये येथे संयुक्तपणे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनपूर्व व सातवाहन काळांतील वस्तीच्या थरांत मणी, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तू, विविध प्रकारची मृद्भांडी आणि मृण्मूर्ती उपलब्ध झाल्या. यांपैकी जगाचे लक्ष वेधले गेले ते एका हस्तिदंती मूर्तीकडे. मध्ये एक स्त्री व तिच्या दोन बाजूंस दोन लहान सेविका अशी तिची रचना असून वरचा भाग नाहीसा झालेला आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य स्पष्ट आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले. म्हणून ती मूर्ती त्यापूर्वीची ठरते. तेर येथेही याच परंपरेतील हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, या मताला भोकरदन व तेर येथील शोधांनी बळ मिळाले. तिच्या बैठकीवरील खरोष्ठी अक्षराकडे बोट दाखवून वायव्य भारताशी तिचा संबंध जोडणारे मतही मांडले गेले आहे.

या वादाचा निर्णय काहीही लागो, त्याचा एक परिणाम मात्र ध्यानात घ्यावयास हवा. भोकरदनचे नाव निघाले की हस्तिदंत आठवतो आणि माती मागे पडते. हस्तिदंत हे मोलाचे द्रव्य. ते दूरदेशी गेले, धनिकाच्या घरी राहिले. मातीच्या मूर्ती नगराबाहेर फारशा गेल्या नसाव्यात. त्या तेथल्याच लोकांनी घेतल्या, तेथेच वापरल्या आणि तेथेच टाकल्या. परदेशी बाजारपेठेची आवड काय होती हे हस्तिदंत सांगेल. भोगवर्धनच्या गल्लीतील माणसाची आवड काय होती, हे विचारावयाचे तर मातीकडेच वळले पाहिजे.

३. द्रव्य आणि घडण

सातवाहनकालीन दख्खनच्या मृण्मूर्तींत दोन प्रकारची माती प्रामुख्याने आढळते. एक नेहमीची, लोहयुक्त, भाजल्यावर तांबडी होणारी. दुसरी पांढरट, मऊ पोताची व बारीक कणांची. या दुसऱ्या मातीस पुरातत्त्वाच्या लेखनात ‘केओलिन’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द चीनमधील काओलिंग नामक टेकडीवरून आला असून चिनी मातीचे ते मूळ द्रव्य होय. लोहाचे प्रमाण अत्यल्प असल्याने ती भाजल्यावरही पांढरी राहते. भोकरदन, पैठण, तेर, नेवासे आणि तेलंगणातील कोंडापूर या स्थळांवर अशा पांढरट मातीच्या मूर्ती मिळाल्याने त्यांचा एक दख्खनी समूहच मानला जातो. डोक्यावर भरगच्च अलंकार घातलेल्या स्त्रिया, केसांची गाठ एका बाजूस बांधलेले पुरुष, दंपती, मुले, स्वार व प्राणी हे या समूहाचे आवडते विषय. चेहरे गोलसर, किंचित हसरे. अलंकारांचे मणी अगदी मोजून घ्यावेत इतके स्पष्ट.

या स्पष्टतेचे कारण घडणीच्या पद्धतीत आहे. या मूर्ती पुष्कळदा दोन साच्यांत केलेल्या असतात. पुढचा भाग एका साच्यात व मागचा दुसऱ्या साच्यात दाबून काढावयाचा. माती चामड्यासारखी घट्ट झाली की दोन्ही अर्ध्या भागांच्या कडा ओलसर करून, पातळ मातीचा लेप देऊन जोडावयाच्या. नंतर सांधा बोटाने किंवा कामटीने निपटून घ्यावयाचा. मूर्ती आतून पोकळ राहते. पोकळीमुळे माती कमी लागते, वजन हलके होते आणि भिंत सर्वत्र सारख्या जाडीची असल्याने आव्यात ती एकसारखी भाजते. भरीव मूर्तीत ओल आत अडकून राहिली तर वाफेच्या जोराने ती तडकते. दुहेरी साच्याची ही युक्ती भूमध्य समुद्राच्या परिसरात आधीपासून रूढ होती. रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराबरोबर ती दख्खनमध्ये आली असावी, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. तथापि युक्ती बाहेरून आली असली तरी तिच्यातून निघालेले चेहरे, केशरचना व अलंकार पूर्णपणे येथलेच आहेत. लेण्यांतील दंपतींशी त्यांचे नाते पाहताक्षणी पटते.

येथे मातीच्या स्वभावाविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कच्ची मूर्ती मोडली तर कुंभार ती पाण्यात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी तीच माती पुन्हा मळतो. पोळ्याचे मातीचे बैल किंवा पार्थिव पूजेची मूर्ती भाजलेली नसल्यानेच तिचे विसर्जन अर्थपूर्ण ठरते. पाण्यात ती विरघळते आणि माती मातीस मिळते. सुमारे ४५० ते ६०० अंश सेल्सियस उष्णता लागल्यावर मात्र मातीच्या कणांत रासायनिक रीत्या बांधलेले पाणी निघून जाते, आणि त्या क्षणापासून परतीचा मार्ग बंद होतो. भाजलेली मूर्ती शतकानुशतके पाण्यात राहिली तरी चिखल होत नाही. तिची पूड करून ती नव्या मातीत किंवा चुन्यात सुरखी म्हणून मिसळता येईल, एवढेच. म्हणून भाजलेल्या मूर्तीचा शेवट कुंभाराच्या कुंडात होत नाही, उकिरड्यावर होतो. आणि म्हणूनच ती संशोधकास सापडते.

४. भंग आणि त्याचा अर्थ

मृण्मूर्ती फुटते ती वाटेल तेथे फुटत नाही. मान हा सर्वांत बारीक भाग असल्याने शिर आणि धड वेगळे होतात. संग्रहालयांतील मांडणीत नुसती शिरे मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे हे एक कारण. चेहरा ओळखू येतो, म्हणून तो उचलला जातो, हे दुसरे. धडांचे तुकडे मात्र खापऱ्यांच्या ढिगात हरवण्याचा संभव अधिक. दुहेरी साच्याच्या मूर्तीला भंगाची आणखी एक रेषा असते, ती म्हणजे सांधा. जोड नीट बसलेली नसेल तर मूर्ती उभी दुभंगते आणि पुढचा व मागचा भाग सुटे होतात.

यातून वर्गीकरणात एक प्रमाद संभवतो. सुटा पडलेला पुढचा अर्धा भाग वरवर पाहता एकेरी साच्यात काढलेल्या सपाट पाठीच्या मूर्तीसारखा दिसतो. आतल्या बाजूस बोटांनी माती दाबल्याच्या खुणा दोहोंतही असू शकतात. खरा निर्णय कडेवरून करावा लागतो. जोडलेली कड सपाट, कधी खरवडलेली व लेपाचा अंश राखणारी असते. एकेरी साच्यातील मूर्तीची कड कापून किंवा निपटून गोलसर केलेली असते. ही तपासणी न करता संख्या मांडल्यास दुहेरी साच्याचा प्रसार प्रत्यक्षाहून कमी भासेल आणि तंत्राच्या इतिहासाविषयी चुकीचे अनुमान निघेल.

दुसरी सावधगिरी याच्या उलट दिशेची आहे. शीर नसलेली प्रत्येक मूर्ती भग्नच असते असे नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे ताम्रपाषाण युगीन वस्तीत मातीच्या एका डबीत एक शिरोहीन स्त्रीमूर्ती ठेवलेली आढळली. तिच्यासोबत बैल होता, आणि मूर्तीच्या पोटाशी व बैलाच्या पाठीवर अशी छिद्रे होती की काडीच्या साह्याने मूर्ती बैलावर बसविता यावी. ही मूर्ती मुळातच शिराविना घडविलेली होती आणि ती कच्च्या मातीची होती. पुढे ऐतिहासिक काळात ज्या देवीस लज्जागौरी म्हणण्याचा प्रघात पडला, तिच्या कित्येक मूर्तींत मानेवर शिराऐवजी कमळ असते किंवा काहीच नसते. तेव्हा मान जेथे संपते तेथील पृष्ठ तुटलेले आहे की घडविलेले, हे भिंगाखाली पाहिल्यावाचून ‘शीर नाही’ या दोन शब्दांना काही अर्थ नाही.

मूर्ती भंगल्यावर तिचे काय करावयाचे, हा धर्मशास्त्राचाही विषय आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या विधीत लाकडी मूर्ती अग्नीस द्यावी, पाषाणाची पाण्यात सोडावी आणि तिच्या जागी नवी स्थापावी, असे विधान आहे. आजही भंगलेली देवमूर्ती घरात न ठेवता नदीत सोडण्याची किंवा पिंपळाच्या पारावर ठेवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. परंतु भोकरदनसारख्या स्थळावरील प्रत्येक मृण्मूर्ती पूजेचीच होती असे मानण्यास आधार नाही. खेळणे, भिंतीची शोभा, नवसाची वस्तू, मांगल्याची खूण अशा अनेक नात्यांनी ती घरात आली असेल. कोठे टाकली गेली, एकटी की पुष्कळ खापरांसह, घराच्या आत की बाहेर, यावरूनच तिच्या उपयोगाविषयी काही बोलता येते. ‘मातृदेवता’ हे नाव सरसकट देऊन मोकळे होण्याची जुनी सवय या दृष्टीने टाकून देण्याजोगी आहे.

५. जुन्या मूर्तीपासून नवी मूर्ती

साचा कसा तयार होतो, हा प्रश्न आता विचारात घ्यावयाचा आहे. कारागीर आधी एक मूळ प्रतिमा हाताने घडवितो आणि तिच्यावर ओली माती दाबून साचा काढतो. हा साचा वाळवून भाजला की त्यातून शेकडो मूर्ती निघू शकतात. परंतु मूळ प्रतिमा जवळ नसली, आणि दुसऱ्या गावची एखादी चांगली मूर्ती हाती असली, तर? तिच्यावरच माती दाबून नवा साचा घेता येतो. मूर्ती घरातल्या वापरातून निवृत्त झालेली असो, तिचा पाय मोडलेला असो वा मागचा अर्धा भाग गेलेला असो, पुढची बाजू शाबूत असली म्हणजे काम भागते. अशा वेळी टाकून देण्याच्या योग्यतेची मूर्ती नव्या पिढीची जननी ठरते.

अशी पिढी ओळखण्याचे साधन मातीच्या आकुंचनात आहे. ओली माती वाळताना व भाजताना आकसते. मातीच्या जातीप्रमाणे हे प्रमाण बदलते. केवळ उदाहरणादाखल ते शेकडा ८ धरू. मूळ प्रतिमा १० सेंटिमीटर उंचीची असेल, तर तिच्यावरून घेतलेला मातीचा साचा भाजल्यावर ९.२ सेंटिमीटरचा होईल आणि त्यात दाबलेली मूर्ती स्वतः भाजल्यावर सुमारे ८.५ सेंटिमीटरची उरेल. आता या मूर्तीवरून दुसरा साचा घेतला, तर त्यातून निघणारी मूर्ती सुमारे ७.२ सेंटिमीटरची असेल. म्हणजे प्रत्येक पिढीत आकुंचन दोनदा होते, एकदा साच्याचे व एकदा मूर्तीचे. शिवाय प्रत्येक पिढीत तपशील पुसट होतो. हारातील सुटे मणी एका पट्टीसारखे दिसू लागतात, बोटे एकमेकांत मिसळतात आणि कारागीर ती कमतरता भरून काढण्यासाठी काडीने नव्या रेघा ओढतो. आकार लहान, उठाव मंद आणि वरून ओढलेल्या रेघा, या तीन खुणा एकत्र आल्या की ती मूर्ती वंशावळीत खालच्या पायरीवरची समजावी.

ग्रीक मृण्मूर्तींच्या अभ्यासात ही पद्धत चांगली रुळलेली आहे. आर. व्ही. निकल्स यांनी १९५२ मध्ये प्रकार, समूह व मालिका या संज्ञांची फेरतपासणी करून साच्यांच्या पिढ्यांची मांडणी अधिक काटेकोर केली. एकाच प्रकारच्या मूर्तींची मापे घेऊन त्यांची वंशावळ लावावयाची आणि सर्वांत मोठी व स्पष्ट प्रत कोठे मिळते ते पाहावयाचे, म्हणजे त्या प्रकाराचे जन्मस्थान व प्रवासाची दिशा यांचा अंदाज बांधता येतो. दख्खनच्या समूहास ही कसोटी लावण्याचे फळ मोठे आहे. भोकरदन, पैठण, नेवासे व तेर येथील एकाच प्रकारच्या शिरांची हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंतची मापे आणि मातीचे आकुंचन यांची तुलना झाली, तर मूर्ती एका केंद्रातून विकल्या गेल्या, साचे फिरत होते, की प्रत्येक गावचा कारागीर आयत्या मूर्तीवरून आपला साचा काढीत होता, या तीन शक्यतांत निवड करता येईल. या निवडीवर सातवाहनकालीन कारागिरीची व बाजारपेठेची रचना कशी होती, हा प्रश्न बऱ्याच अंशी अवलंबून आहे. हस्तिदंताच्या एकेका मूर्तीकडून असे उत्तर मिळणे शक्य नाही, कारण ती एकच असते. सामान्य, पुनःपुन्हा काढलेल्या आणि टाकलेल्या मूर्तीच ते देऊ शकतात.

६. टाकलेल्या मूर्तीचे शिल्प

जुन्या मूर्तीपासून नवी मूर्ती काढणाऱ्या प्राचीन कारागिराने जुन्या मूर्तीचे रूप घेतले, तिचे द्रव्य घेतले नाही. द्रव्यच घेऊन नवे शिल्प रचण्याचा उपक्रम आधुनिक काळातला आहे, आणि तो समजून घेण्यासाठी आधी घरोघरी चिनी मातीच्या बाहुल्या कशा आल्या हे पाहणे अवश्य आहे. जर्मनीतील माइसेन येथे १७१० मध्ये युरोपातील पहिला खऱ्या चिनी मातीचा कारखाना निघाला. १७३१ पासून तेथे काम करणाऱ्या योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराने छोट्या मूर्तींचा प्रकार लोकप्रिय केला. या मूर्ती एका साच्यातून निघत नसत. हात, पाय, शिर व वस्त्राचे घोळ निरनिराळ्या साच्यांतून काढून एक स्वतंत्र कारागीर ते पातळ मातीने जोडीत असे. म्हणजे अखंड दिसणारी मूर्ती जन्मापासूनच तुकड्यांची असे. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत अशा मूर्ती स्वस्त झाल्या, दिवाणखान्यांतील फळ्यांवर पोचल्या आणि रुची बदलल्यावर जुन्या बाजारात व कचऱ्यात आल्या.

त्यांपासून नवे शिल्प करणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील पेनी बर्न आणि अमेरिकेतील डेब्रा ब्रोझ यांची नावे महत्त्वाची आहेत. दोघींनीही मुळात चिनी मातीच्या वस्तूंची दुरुस्ती व संवर्धन यांचे शिक्षण घेतले, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. ब्रोझ भिन्न प्राण्यांच्या बाहुल्या कापून एकाचे शिर दुसऱ्याच्या अंगास अशा सफाईने बसवितात की सांधा शोधूनही सापडू नये. बर्न गोड चेहऱ्यांच्या जुन्या मूर्तींवर नवा रंग व नवी अवजारे चढवून त्यांच्याकडून युद्ध, तुरुंग व राजकारण यांविषयी बोलवून घेतात. फुटलेले जोडण्यासाठी जे कौशल्य शिकविले गेले, तेच येथे न जुळणारे जोडण्यासाठी योजिलेले आहे.

भारतात याच जातीचे सर्वांत मोठे कार्य चंडीगड येथे नेकचंद यांनी केले. १९२४ मध्ये जन्मलेले नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नव्या शहरासाठी जी गावे पाडली गेली त्यांच्या ढिगाऱ्यांतून व शहराच्या कचऱ्यातून त्यांनी फुटक्या कपबशा, स्नानगृहातील चिनी मातीची भांडी, फरशा व काचेच्या बांगड्या जमविल्या आणि १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सरकारी जागेत कोणासही न कळविता त्यांपासून माणसे, पशू व पक्षी उभे केले. सिमेंटच्या अंगावर तुकडे बसवून केलेल्या या मूर्तींची बाग १९७६ मध्ये जनतेस खुली झाली. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ मूर्ती नव्हत्या, खापरे होती; पण भाजलेली माती पुन्हा मळता येत नाही, तिला फक्त नवी जागा देता येते, हे तत्त्व त्यांनी जितक्या व्यापक प्रमाणावर सिद्ध केले तितके क्वचितच कोणी केले असेल.

७. कलावंत, संवर्धक आणि इतिहासकार

या आधुनिक उदाहरणांचा भोकरदनशी संबंध केवळ साम्याचा नाही. कलावंत जे उघडपणे करतो, ते संग्रहाच्या इतिहासात नकळत घडण्याचा धोका असतो. शेताच्या बांधावर, पांढरीच्या मातीत किंवा ओढ्याच्या काठी सापडलेली शिरे व धडे एकाच टोपलीत गोळा होतात. शिराची मान व धडाची मान जवळपास एकाच मापाची निघते, कारण साच्यांच्या पिढ्यांमुळे मापे अनेक असतात आणि त्यांतील एखादे जुळून जाते. कोणी सद्हेतूने ती दोन्ही चिकटवितो आणि एक सुंदर, पूर्ण मूर्ती तयार होते. अशी मूर्ती सातवाहन काळातील कोणाही कारागिराने घडविलेली नसते. तिच्यातील प्रत्येक कण प्राचीन आणि ती स्वतः अर्वाचीन, असा विचित्र प्रकार होतो. ब्रोझ यांच्या शिल्पाखाली कर्तीचे नाव असते व प्रेक्षक फसत नाही. येथे नाव नसते आणि पुढचा अभ्यासक त्या मूर्तीवरून केशरचना, वेष व अलंकार यांचा एकत्र कालनिर्णय करून बसतो.

संवर्धकाचे शास्त्र याच कारणासाठी काही बंधने पाळते. जोडण्याचे द्रव्य असे असावे की गरज पडल्यास मूळ तुकड्यास इजा न होता ते काढता यावे. भरून काढलेला भाग जवळून पाहिल्यास मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा. कोणता तुकडा कोठे मिळाला, याची नोंद जोडणीनंतरही तुकड्यागणिक राहावी. ज्याचा पुरावा नाही तो अवयव कल्पनेने पुरा करू नये. कलावंताचे स्वातंत्र्य व संवर्धकाचा संयम या दोन निष्ठा परस्परविरोधी असल्या, तरी दोहोंच्या मुळाशी सांध्याचे अचूक ज्ञान आहे. हे ज्ञान कला-इतिहासाच्या विद्यार्थ्यासही हवे. मूर्तीच्या चेहऱ्याकडे पाहण्यापूर्वी तिची पाठ, कड व पोकळी पाहण्याची सवय त्याला लागली पाहिजे.

उत्खननात थरांसह मिळालेल्या मूर्तींचे मोल या संदर्भात अधिकच वाढते. पृष्ठभागावर वेचलेल्या मूर्ती संख्येने व सौंदर्याने वरचढ असतील. पण शिर व धड एकाच थरात, एकाच खड्ड्यात पडलेले होते, अशी साक्ष त्या देऊ शकत नाहीत. भोकरदनचे उत्खनन नोंदीसह झालेले असल्याने तेथील मोजके तुकडेही अन्यत्र वेचलेल्या शेकडो मूर्तींना कसोटी म्हणून उपयोगी पडावेत.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष थोडक्यात असा. दख्खनच्या मृण्मूर्तींची नव्याने यादी करताना विषय व उंची एवढ्यावर न थांबता मातीचा प्रकार, साचा एकेरी की दुहेरी, सांध्याची स्थिती, भंगाची जागा, भंगाचे पृष्ठ जुने की नवे, चेहऱ्याची ठराविक मापे आणि नंतर झालेली जोडणी, या बाबी प्रत्येक तुकड्यासाठी नोंदविल्या पाहिजेत. मातीच्या रासायनिक पृथक्करणाची साधने आज विद्यापीठांच्या आवाक्यात आहेत. पांढऱ्या मातीचा उगम एक की अनेक, हे ठरविण्यास त्यांचा उपयोग करता येईल. हे काम एका ग्रंथालयात बसून होणारे नसून निरनिराळ्या संग्रहांतील तुकडे एकाच पट्टीने मोजण्याचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या लहान गटास ते काही ऋतूंत सहज पार पाडता येईल.

यात केवळ तंत्राचा प्रश्न गुंतलेला नाही. लेण्यांचे दाते व हस्तिदंताचे ग्राहक यांनी आपल्या खुणा टिकाव्यात अशी व्यवस्था केली होती. मातीची मूर्ती घेणाऱ्याने तशी कोणतीही व्यवस्था केली नाही. मूर्ती फुटली, त्याने ती फेकली आणि बहुधा दुसरी आणली. त्याचा इतिहास लिहावयाचा तर त्याने जे फेकले त्याचाच आधार घ्यावा लागतो, आणि तो आधार तुकड्यातुकड्याने, त्यांच्या कडा न बदलता घ्यावा लागतो. केळणेच्या काठच्या पांढरीत अद्याप न उकरलेले थर शिल्लक आहेत. वस्ती वाढेल आणि पाये खणले जातील तसतसे त्यांतील तुकडे वर येत राहतील. त्या वेळी ते उचलणाऱ्याच्या हाती मोजपट्टी व नोंदवही असली, तर भोगवर्धनच्या सामान्य घरांविषयी आजच्याहून पुष्कळ अधिक सांगता येईल.